गॅस गळत नाही, संपतो

रावेरकडचे लग्न आटोपून भर दुपारी परत निघालेल्या गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला, तर आपण सर्वप्रथम एक पथ्य पाळावे: ‘गळती’ हा शब्द तोंडातून काढू नये. मेकॅनिकसमोर उभे राहून ‘गॅस संपला वाटतं’ एवढेच म्हणावे. या वाक्यात फार मोठी सोय आहे. गळती म्हटली की ती शोधावी लागते, शोधली की सापडते आणि सापडली की दुरुस्त करावी लागते. संपलेली वस्तू मात्र पुन्हा भरली की झाले. तांदूळ संपतात, रॉकेल संपत असे, तसाच एसीतला गॅसही संपत असणार. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल या चौघांमधून तोच तो गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, तो कुठे जळत नाही की खर्ची पडत नाही, आणि म्हणून तो कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर पडला एवढाच होतो, असे एखादा पॉलिटेक्निकचा मुलगा आपल्याला सांगू लागला, तर त्याला आधी नोकरीचे काय झाले ते विचारावे. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाकाठी थोडासा गॅस झिरपतो, हे खरेच आहे. तेवढ्या झिरपण्याच्या आधारावर दर मे महिन्यातली रिकामी यंत्रणा आपण खुशाल समजावून घ्यावी.

पुढची पायरी गेजची, म्हणजे दाबमापकाची. मेकॅनिक निळी आणि लाल नळी जोडतो, काटा थरथरत १५० पीएसआयच्या आसपास स्थिरावतो आणि तो म्हणतो, ‘गॅस तर फुल आहे साहेब, कॉम्प्रेसरचा क्लच बघावा लागेल.’ आपण लगेच मान डोलवावी. इंजिन बंद असताना नळ्यांतला दाब गॅस किती आहे यावर नव्हे, तर गाडी किती तापली आहे यावर ठरतो. आत द्रवरूपात थोडासा जरी आर-१३४ए (एसीतल्या गॅसचे हे नाव) शिल्लक असला, तरी जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांना काटा १५० च्या जवळपासच दिसणार, मग आत पाचशे ग्रॅम असो की तीनशे. म्हणजे त्या घटकेला गेज हे दोन नळ्यांचे थर्मामीटर असते. गॅस किती आहे हे खरोखर कळायचे, तर तो मशीनने काढून त्याचे वजन करावे लागते आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेल्या आकड्याशी ते ताडून पाहावे लागते. तो स्टिकर वाचू नये. केळीचा घड काट्यावर चढल्याशिवाय व्यापाऱ्याला हात लावू न देणारा आपला यावल-रावेरचा शेतकरीसुद्धा गाडीत गॅस मात्र अंदाजपंचे भरून घेतो, आणि या बाबतीत त्याच्या मनाचा मोठेपणा वाखाणण्याजोगा आहे.

कोणी फारच खोदून विचारले, तर गॅरेजात ‘व्हॅक्यूम मारून बघितला, दहा मिनिटे काटा हलला नाही’ असे उत्तर मिळते. ते प्रमाण मानावे. व्हॅक्यूममध्ये, म्हणजे नळ्यांतली हवा उपसून काढल्यावर, आतबाहेरच्या दाबाचा फरक फार तर एक बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच असतो, तर उन्हाळ्यात एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला तोच दाब वीस बारपर्यंत चढतो. त्यातून बाहेरची हवा जोडातली एखादी सैल ओ-रिंग (रबरी कडी) आत दाबून धरते, ती वेगळीच. ठिबकची नळी कुठे फुटली आहे हे मोटार चालू न करता शोधण्याचा हा प्रकार आहे. आपल्या जिल्ह्यात बरीच शेती ठिबकवर असूनही ही उपमा गॅरेजात कोणाला सुचत नाही, हे एक आश्चर्यच आहे. कोरडा नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहावे, असा एक मार्ग आहे खरा, पण नायट्रोजनचा सिलिंडर कोण आणणार? शेजारीच पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर धडधडत असतो. त्याची हवा मारावी. त्या हवेबरोबर पाण्याचा अंश आत जातो, एसीतले तेल तो आनंदाने शोषून घेते, पुढे आतून गंज धरतो, आणि आज एकाच ठिकाणी असलेली गळती दोन वर्षांत चार ठिकाणी होऊन शोधायला कितीतरी सोपी जाते.

शोधण्याची साधने तीन आहेत आणि तिन्हींपासून दूर राहावे. पहिला साबणाचा फेस, जो इतका स्वस्त आहे की त्यावर कोणाचा विश्वासच बसत नाही. दुसरे नाक असलेले यंत्र, म्हणजे हुंगून गॅस ओळखणारा डिटेक्टर. हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड असल्यामुळे खाली उतरतो, म्हणून यंत्राचे टोक प्रत्येक जोडाच्या खालच्या अंगाने, गोगलगायीच्या चालीने फिरवायचे असते. ते काम आपण नेहमी दुपारी दोन वाजता, रस्त्याच्या कडेला, झळा वाहत असताना करवून घ्यावे. यंत्र हूं की चूं करणार नाही. तिसरा रंग. तो तेलाबरोबर नळ्यांतून फिरतो आणि जिथून गॅस निसटतो तिथे अंधारात निळ्या दिव्याखाली पोपटी चमकतो. रात्री नऊला गॅरेजचे दिवे मालवून, पिवळा चष्मा लावून बॉनेटमध्ये वाकलेला माणूस शेजाऱ्यांना काय वाटेल, याचा विचार करून हा उपाय टाळावा.

बॉनेट उघडलेच, तर कंडेन्सरकडे पाहू नये. तो सर्वांत पुढे, जाळीच्या लगेच मागे असतो, आणि महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा रेडिएटरच्या आधी त्यालाच भेटतो. गळती असेल तिथे गॅसबरोबर तेलाचा किंचित अंश बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ मुळात सगळीकडेच असते. फरक एवढाच, की इतरत्र ती फुंकरीने उडते आणि त्या एका जागी बोटाला मलमासारखी चिकटते. असे बोट लावून पाहू नये, कपडे खराब होतात. कूलिंग कॉइलचा विचार तर अजिबात करू नये. ती डॅशबोर्डच्या पोटात असते, कडुनिंबाखाली गाडी लावून लावून तिच्यावर पाला आणि माती साचते, आणि त्या ओलाव्यात ॲल्युमिनियम कुजत जाते. पाणी गळायच्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरला तर संशय खरा की खोटा ते डॅशबोर्ड न खोलताही बऱ्यापैकी कळते. म्हणूनच मेकॅनिकने आधी डॅशबोर्ड खोलून मग विचार करणे जास्त रुबाबदार दिसते. पुढे वर्षभर त्यातून येणारी करकर ही पैसे वसूल झाल्याची खूण समजावी.

गळती बुजवण्याची बाटली बाजारात मिळते, तीही एकदा ओतून पाहावी. ती गळतीबरोबर एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बुजवू शकते, म्हणजे कामात काम. काही ठिकाणी स्वस्तात पडतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद भरून देतात. तो गार अगदी छान करतो आणि पेटतोही छान, त्यामुळे गाडीत बसताना हे लक्षात न ठेवलेलेच बरे. राहिला प्रश्न उरलेला गॅस पिन दाबून हवेत सोडण्याचा. आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो, तेव्हा अर्धा किलो गॅस फुस्स करणे म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्याजोगे आहे. पण असे वायू कमी करण्याच्या २०१६ च्या किगाली करारानुसार भारताची कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे. एवढ्यात गडबड कशाला? शिवाय जळगाव आणखी किती तापणार?

हे सगळे मी अनुभवाने सांगतो. सलग तीन उन्हाळे मी एकाच गॅरेजात गॅस भरून घेतला. तिथला चहा उत्तम असतो. चौथ्या वर्षी दुर्बुद्धी झाली आणि भुसावळच्या एका पोराकडे गाडी नेली. त्याने मॅनिफोल्ड (गेज आणि नळ्यांचा संच) बाजूला ठेवले, ज्या तोंडातून गॅस भरतात त्यावरचे प्लास्टिकचे टोपण कुठे आहे ते विचारले (ते तीन वर्षांपूर्वीच कोणीतरी लावायचे विसरले होते), आणि बोटाने फेसाचा एक थेंब त्या पिनेवर सोडला. आम्ही दोघे वाकून पाहत राहिलो. बराच वेळ काही झाले नाही. मग थेंबाच्या मधोमध मोहरीएवढा फुगा आला, सावकाश ज्वारीच्या दाण्याएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा येऊ लागला. ‘काका, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला?’ असे म्हणून त्याने उरलेला गॅस मशीनवर काढून घेतला, टायरच्या व्हॉल्व्हसारखी ती चिमुकली पिन बदलली, आतला ओलावा टिपणारा ड्रायर बदलला, नीट व्हॅक्यूम मारला, स्टिकर वाचून वजनाने गॅस भरला आणि वर नवे टोपण बसवले. पिनेचे पैसे शेवभाजीच्या एका प्लेटपेक्षाही कमी होते.

यंदा मार्च संपता संपता जुन्या गॅरेजातून आपुलकीचा फोन आला: ‘साहेब, ऊन तापलं, अजून गाडी नाही आणली?’ इतक्या वर्षांचा संबंध. खरे सांगायची हिंमत झाली नाही. गाडी विकली, असे सांगून टाकले. आता बाजारात जाताना त्यांच्या गल्लीवरून न जाता लांबच्या रस्त्याने जावे लागते, काचा बंद करून.