काठ सजला, आता कान्हकडे बघा

आपल्या इंदूरच्या कृष्णपुऱ्यात होळकरांच्या छत्र्या, म्हणजे समाधीवरची स्मारकं आहेत; त्यांच्याजवळचा कान्ह नदीचा काठ आता बघण्यासारखा झालाय. राजवाड्याच्या गर्दीतून सुटून म्हातारी माणसं संध्याकाळी तिथे टेकतात, पोरं हुंदडतात. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकरांच्या छत्र्यांचं कोरीव काम निवांत बघता येतं. काठ सजवण्यावरचा पैसा वाया गेला म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

पण कठड्याला टेकून खाली बघितलं की जीव तुटतो. सगळं कौतुक काठाचं झालं, पाणी मागेच राहिलं.

कान्ह आणि सरस्वतीच्या आधाराने वसलेलं हे गाव. १९१८ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरचा आराखडा दिला, त्यातही नद्या आणि काठच्या बागांवर त्यांचा भर होता. पुढे १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात आलं. शहराची तहान भागली, तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण घरोघरी पाणी वाढलं तसं सांडपाणीही वाढलं, आणि ते वाहून न्यायला कान्ह होतीच. प्यायला ती लागेनाशी झाली, मग तिची काळजी तरी कोण करणार? लोक तिला सरळ नालाच म्हणू लागले.

नाल्यांची तोंडं बंद करायचं काम महापालिकेने नेटाने केलंय, हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणारं शहर, म्हणून इंदूरचं नाव झालं. तरी उज्जैनकरांना विचारा. आपली कान्ह त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. २०२८ च्या सिंहस्थात तिचं पाणी स्नानाच्या घाटांवर येऊ नये म्हणून ते बंद नलिकेतून उज्जैनच्या पलीकडे नेण्याची योजना हाती घेतलीय. शेजारच्या गावाला आपली नदी नकोशी व्हावी, याची मला फार लाज वाटते.

म्हणून आता आणखी दिवे, आणखी रंगरंगोटी नको. तो पैसा वरच्या अंगाला छोटी छोटी शुद्धीकरण केंद्रं उभारायला लावा, म्हणजे उन्हाळ्यातही छत्र्यांपाशी वाहतं, स्वच्छ पाणी असेल. आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे दर आठवड्याला काठावरच्या फळ्यावर लिहा. स्वच्छतेत पहिला नंबर आला की चौकाचौकात फलक लागतात, मग नदीचा निकालही चारचौघांत लागू दे.

ही मागणी मी आमच्या नगरसेवकांना लेखी देणार आहे. रामबाग, जुनी इंदूर, कुठलेही असा, पटलं तर कॉमेंटमध्ये नाव लिहा, सह्यांसाठी मी स्वतः येईन.