टॉवेल टाका, सीट धरा

सोलापुरात मे महिन्यात पारा 44 ला टेकला की माणूस दोनच गोष्टी करू शकतो : झोपू शकतो किंवा तब्येत सुधारू शकतो. लाइट गेल्यामुळे झोप होत नाही. तेव्हा तब्येतीकडे वळू.

प्लास्टिकमधून तुमच्या अंगात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, शिरतंय, हे जिममधल्या अण्णांनी तुम्हाला सांगितलंच असेल. अण्णा अगदीच चुकत नाहीत. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए हे रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतं, हे इंग्लंडात चार्ल्स डॉड्स या संशोधकाने 1936 सालीच दाखवलं होतं. औषध म्हणून ते मागे पडलं, मग जगाने त्याच्या बाटल्या केल्या.

आता उपाय. नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणून आणलेला वीस लिटरचा जार गच्चीवर उन्हातच असू द्या. टपरीवरचा उकळता चहा पिशवीत बांधून आणणंही सोडू नका. सवयी मोडल्या की माणूस खचतो. त्यापेक्षा टॅमॉक्सिफेन घ्या, इस्ट्रोजेनची वाट अडवणारी गोळी.

ही गोळी काम कशी करते, ते सोलापूरकराला समजावण्यात वेळ जाऊ नये. पेशीतला रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे येऊन बसतं ती जागा, ही एसटीची सीट. गोळी म्हणजे खिडकीतून टाकलेला टॉवेल (आपलाच, टेरीचा). बिस्फेनॉल आत चढतं, टॉवेल बघतं आणि उभं राहतं. फक्त एवढंच, की बिस्फेनॉल हा फार मरतुकडा प्रवासी. तुमचं स्वतःचं इस्ट्रोजेन त्याच्या हजारपट जोरकस, आणि पुरुषालाही ते हाडांसाठी लागतं. टॉवेल कोणाचाच मुलाहिजा ठेवत नाही, त्यामुळे घरचा पासवालाही उभाच. शिवाय हा टॉवेल लहरी आहे. स्तनाच्या पेशीत तो नुसती सीट अडवतो, गर्भाशयात मात्र स्वतःच प्रवासी होऊन बसतो. म्हणून तर या औषधांच्या गटाच्या नावात 'सिलेक्टिव्ह' (निवडक) हा शब्द आहे.

स्तनाच्या कर्करोगात हीच गोळी बायका डॉक्टरांच्या नजरेखाली पाच-पाच वर्षं घेतात आणि त्याने जीव वाचतात. तिथे थट्टा नाही. गर्भाशयाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, मोतीबिंदू हे धोके डॉक्टर तोलून बघतात. तुम्ही तोलू नका, तुम्हाला जिमला उशीर होतोय. बिस्फेनॉल बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. गोळीचा अंश काही आठवडे मुक्कामाला असतो. एका दिवसाच्या पाहुण्याला हुसकवायला महिनाभराचा पाहुणा, हा व्यवहार वाईट कसा म्हणावा?

स्वदेशीचा आग्रह असेल तर तीही सोय आहे. याच जातीचं ऑर्मेलॉक्सिफेन लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने घडवलं. दुकानात त्याचं नाव 'सहेली', सरकारी दवाखान्यात 'छाया'. ही बायकांची गर्भनिरोधक गोळी. दंड फुगवून काउंटरवर उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात मागायची. दुकानदार हसला तर हसू द्या.

चिठ्ठी नसेल तर एखादा दुकानदार "कुणासाठी?" असं विचारेल. "घरच्यांसाठी" म्हणा. गोळी जारच्या पाण्यासोबत घ्या, कोमट झालेलंच असतं. आणि बिल मागाच. मशीनमधून निघणारं ते गुळगुळीत, उष्णतेने अक्षर उमटणारं. त्या कागदावरही बऱ्याचदा बिस्फेनॉलच असतं. घामेजल्या मुठीत घट्ट धरून ठेवा, उरलेल्या गोळ्या परत करायच्या झाल्या तर लागेल.