डॅम्पर बसवला, थरथर थांबली; मग किंगपिन कशाला उघडायचे?

नमस्कार. जिप्सीच्या पुढच्या एक्सलवरच्या लेखाखाली तुम्ही मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं.

इतर वाचकांसाठी तुमच्या प्रतिक्रियेचा गोषवारा देतो. तुमच्या १.३ लिटरच्या जिप्सी किंगचं स्टिअरिंग ताशी ६० च्या आसपास थरथरायचं. मेकॅनिकने स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगच्या रॉडला लागणारा छोटा शॉक अब्सॉर्बर) बसवला, अर्ध्या तासात प्रश्न मिटला. त्यामुळे नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) उघडा, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदला, वजनकाट्याने ओढून बघा, हा सगळा 'प्रयोगशाळेचा थाट' तुम्हाला फुकटचा वाटतो. गिअर ऑइलच्या ग्रेडचा लेखात बाऊ केलाय, असंही तुमचं म्हणणं. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत की गाडीला दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चासीला जोडणारी डुलती कडी) आणि २३५/७५ आर १५ टायर आहेत. तुमच्या दुखण्याचं अर्धं निदान या शेवटच्या वाक्यात आहे. तिकडे येतोच.

आधी डॅम्पर. त्याचं काम खड्ड्यातला झटका हातापर्यंत पोचू न देणं. थरथर मात्र दुसरीकडे जन्मते. जिप्सीचा पुढचा एक्सल अखंड आहे आणि दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना बांधलेली. प्रत्येक नकल वर एक, खाली एक अशा दोन किंगपिनवर (खुंट्यांवर) बसवलेल्या टेपर रोलर बेअरिंगांवर फिरतो आणि ती बेअरिंगं किंचित दाबात बसवलेली असतात. हा दाब चाकाच्या डोलण्याला सतत थोडा अडसर करतो. बेअरिंग झिजलं की दाब शून्यावर येतो, एखाद्या खड्ड्याने एक चाक डोललं की टाय रॉड दुसऱ्याला डोलवतो, आणि ठरावीक वेगाला ही झुलणी स्वतःच वाढत जाते. डॅम्पर ती झुलणी गिळतो, पण झिजलेलं बेअरिंग झिजतच राहतं. फरक एवढाच की आता तुम्हाला ते कळत नाही. डॅम्परच्या रबरी बुश सैल झाल्या की थरथर परत येईल, आणि तोवर टाय रॉड एंडही गेलेले असतील. डॅम्पर बसवण्याला माझा विरोध नाही. निदानाच्या आधी बसवण्याला आहे.

निदान फुकट होतं आणि त्याला वीस मिनिटं लागतात. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा, पुढचा एक्सल जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर, धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. मग ३ आणि ९ वर धरून हलवा, टाय रॉडच्या एंडवर बोट ठेवा. सांध्यात टकटक लागली तर तो एंड बदलायचा. नकलच्या गोळ्यावरची ओलही नीट बघा. ग्रीसचा पातळ थर चालतो. जाड काळं ग्रीस बाहेर येत असेल तर नकलचं सील गेलंय. पातळ तेल ओघळत असेल तर आतलं एक्सलचं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीसची आमटी झालीय.

आता ज्याला तुम्ही थाट म्हणालात तो काटा. बाजारात बॅगा तोलायचा हूकचा काटा मिळतो, तोच पुरतो. त्या बाजूच्या नकलला जोडलेले रॉड सोडवा. एंड काढताना पुलर वापरा; नसेल तर आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोडी मारा, आट्यांवर नाही. नकलचं गोल सील मागे सरकवा, कारण नवं सीलसुद्धा स्वतःचा अडसर देतं आणि आकडा फसवा येतो. (नुसतं सील बदलल्यावर थरथर 'बरी झाली' असं अनेकजण सांगतात, त्याचं कारण हेच.) टाय रॉडच्या भोकात हूक अडकवा, आर्मला काटकोनात सावकाश ओढा, आणि नकल हलायला लागतो त्या क्षणाचा आकडा वाचा. सुझुकीच्या वर्कशॉप पुस्तिकेप्रमाणे तो १.० ते १.८ किलो हवा. कमी असेल तर किंगपिनखालचे शिम कमी करायचे, म्हणजे दाब वाढतो. जास्त असेल तर शिम वाढवायचे. हाताने हलवून १ किलो आणि अर्धा किलो यांतला फरक कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून काटा.

नुसते शिम काढून भागेल का? बहुतेकदा नाही. गाडी बहुतांश वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर रेसच्या (बेअरिंगच्या बाहेरच्या कडीच्या) त्याच जागी वर्षानुवर्षं ठोकत राहतात आणि तिथे बारीक खाचा पडतात. नकल हाताने डावी-उजवीकडे फिरवताना मधोमध 'खटकन' बसल्यासारखं वाटलं तर खाचा आहेत. अशा बेअरिंगवर शिम कमी केले तर मधोमध आकडा बरोबर येईल, पण वळणावर स्टिअरिंग जड होईल आणि आपोआप परत फिरणार नाही. तिथे बेअरिंग रेससकट बदलायची. दोन्ही बाजू मिळून चार लागतात. दुकानात जाताना जुनं बेअरिंग सोबत न्या. ९७० सीसीची जुनी जिप्सी की किंग, कुठल्या सालची, या गोंधळात चुकीचा माल गळ्यात पडतो.

उघडताना चाक, मग कॅलिपर. कॅलिपर तारेने पाट्याला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका. मग हब, स्पिंडल आणि शेवटी शाफ्ट. वरचा आणि खालचा किंगपिन आपापल्या शिमसह वेगळ्या डब्यांत ठेवा. डावे-उजवे तर मिसळूच नका. नकल ओढताना खालचं बेअरिंग पटकन खाली पडतं, खाली कापड अंथरा. जुनी रेस पितळी पंचने आतून, आलटून-पालटून समोरासमोरच्या बाजूंना ठोकून काढा. नवी रेस रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की सोपी बसते. जुन्या रेसला कटरने एक चीर पाडा आणि नवी ठोकायला तीच वापरा, चीर असल्यामुळे ती मागाहून निघून येते. रेस तळाला टेकली की ठोक्याचा आवाज बदलतो. किंगपिनचे बोल्ट २० ते ३० न्यूटन मीटर. हे छोटे बोल्ट आहेत, लांब पान्याने 'अजून थोडं' करणाऱ्यांनीच त्यांच्या आट्या खाल्लेल्या असतात.

शाफ्ट बाहेर आलाच आहे तर त्याच्या टोकाचा गोळ्यांचा सांधा (सीव्ही जॉइंट) रॉकेलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, गोळ्या आणि त्यांच्या खोबणी बघा. खड्डे दिसले तर सांधा गेला. पूर्ण वळवून चढावर जोर दिला की तो कटकट करतोच. ठीक असेल तर मॉलिब्डेनमवालं लिथियम ग्रीस गोळ्यांच्या मधून दाबून भरा. चाकाचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. आतलं सील बदला, ते स्वस्त आहे आणि त्याच्यासाठी हे सगळं परत उघडावं लागतं. बसवताना शाफ्टच्या स्प्लाइन सीलच्या ओठावर घासू देऊ नका. नवं सील पहिल्याच दिवशी गळतं ते बहुधा त्यामुळे.

आणि ते सील मुळात का गेलं हेही बघा. एक्सलच्या वरचा ब्रीदर (आतल्या हवेच्या ये-जा करण्याचं तोंड) चिखलाने बुजला की तेल तापल्यावर आतली हवा सीलमधूनच वाट काढते. गरम एक्सल ओढ्यात शिरला की उलटं होतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ब्रीदरच्या निपलला घट्ट बसणारी नळी क्लिपने लावून इंजिनच्या खोलीत उंच न्या, तोंड खाली वळवा. सह्याद्रीच्या ओढ्या-नाल्यांत गाडी घालणाऱ्याने करावं असं हे सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. बोनेटवर दिव्यांची माळ मात्र आधी लागते.

तुमच्या शॅकलचं आता. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते दोन इंच लांब केलं की गाडी एक इंच उचलली जाते, पण पाट्याचं पुढचं टोक चासीच्या मानाने ५० मिलिमीटर खाली जातं. दोन डोळ्यांमधलं अंतर मीटरभर धरलं तर पाटा, आणि त्याच्यासोबत एक्सल, जवळपास ३ अंश पुढे कलतो. या एक्सलचा मूळ कॅस्टरच (किंगपिनचा मागे कललेला कोन) साडेतीन अंशांचा. म्हणजे चाकाला सरळ ठेवणारा कोन तुम्ही जवळजवळ सगळा घालवून बसलात, एका इंचासाठी! त्यावर चढवलेले टायर जड. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिलिमीटर, तुमच्या टायरचा साधारण ७३३. झुलणीला आणखी बळ मिळालं. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते.

यावर दोन उपाय. मूळ शॅकल परत बसवा आणि उंची हवीच असेल तर पाट्याला नीट कमान मारून घ्या. किंवा पाटा आणि एक्सलच्या मध्ये पोलादी पाचर घाला. पाटा एक्सलच्या खाली असल्यामुळे पाचरीची जाड बाजू पुढे येते. उलटी घातली तर उरलासुरला कॅस्टरही जाईल. सेंटर बोल्टचं डोकं भोकात पूर्ण बसतंय ना, ते तपासा. पाचरीने पिनियन खाली झुकतो आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढतो. त्यामुळे मला पहिला उपाय जास्त पटतो. शॅकल काहीही ठेवा, टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असणं) मात्र बघा: चाक फिरवत प्रत्येक टायरवर मधोमध खडूने रेघ मारा, गाडी जमिनीवर टेकवून दोन पावलं ढकला, मग हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं २ ते ६ मिलिमीटरने कमी हवं.

कायद्याचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण लांब शॅकल आणि वाढीव टायर बघून तो काढावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला निकाल स्पष्ट आहे: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी न्याल तेव्हा हे आठवेल.

तेलाचं थोडक्यात. डिफरन्शियलचे क्राऊन-पिनियन हायपॉइड, दात एकमेकांवर घसटत फिरतात, म्हणून तिथे जीएल-५ दर्जाचं गिअर तेल लागतं. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा (गिअर पडताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवणाऱ्या कड्या) आहेत. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं तापल्यावर पितळ खाऊ शकतात, आणि रिंगेला जी पकड हवी ती तेलाच्या निसरडेपणाने मिळत नाही. दुसरा गिअर खरखरतो त्यामागे बऱ्याचदा हे असतं. तिथे जीएल-४. पुढच्या डिफरन्शियलमध्ये साधारण २ लिटर, मागच्यात दीड, ट्रान्सफर केसमध्ये ०.८ आणि गिअरबॉक्समध्ये १.३ लागतं. खरी पातळी भरायच्या भोकाच्या काठाला. आणि आधी भरायचा प्लग सैल होतोय का ते बघा, मगच खालचा उघडा. तेल सांडून झाल्यावर वरचा प्लग जाम निघाला तर गाडी दारातच अडकून बसते.

तुमचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. टॉर्क पाना, पुलर, मोठं बॉक्स सॉकेट हे सगळं एकदाच्या कामासाठी विकत घेणं परवडत नाही. मग उघडणं आणि रेस ठोकणं गॅरेजला द्या, पण सील सरकवलेलं असताना काटा स्वतः लावा. त्याला दहा मिनिटं पुरतात आणि कुठलाही भला मेकॅनिक नाही म्हणणार नाही.

डॅम्पर काढून रस्त्यावर चाचणी घेऊ नका. आधी गाडी उभ्याने तपासा, मग डाव्या-उजव्या काट्याचे आकडे आणि टो-इनचं माप इथेच खाली लिहा. शिम किती काढायचे ते त्यावरून सांगता येईल.