डिजिटल परिवर्तनाचे शिल्पकार होऊ इच्छिणाऱ्यांस

आरोग्यक्षेत्रातील एखाद्या धर्मादाय संस्थेत माहिती तंत्रज्ञान विभागाचे प्रमुखपद मिळाल्याबद्दल आपले अभिनंदन. पगार खासगी कंपनीपेक्षा कमी असला, तरी आपण सेवाभावाने आलो आहोत असे प्रत्येक बैठकीत सांगण्याची मुभा आहे, आणि तिचा उपयोग विशेषतः काम रखडल्यावर होतो.

रुजू होताच चालू प्रणाली कालबाह्य ठरवावी. ती उघडून पाहू नये. पाहिल्यास ती बरी चालते असे आढळण्याचा धोका असतो. तिच्या जागी नवे ॲप प्रस्तावित करावे. ओस्लो विद्यापीठात विकसित झालेली डीएचआयएस-२ ही आरोग्यविषयक माहिती गोळा करण्याची मुक्तस्रोत प्रणाली अनेक देशांची आरोग्य मंत्रालये वापरतात आणि ती विनामूल्य मिळते, असे एखादा कनिष्ठ सहकारी सुचवील. त्याला समितीवर घ्यावे, म्हणजे तो गप्प होईल. जे आधीच तयार आहे त्याचे उद्घाटन होत नाही, आणि ज्याचे उद्घाटन होत नाही त्याला देणगी मिळत नाही. सर्व्हरची देखभाल, बॅकअप, परवान्यांचे नूतनीकरण हे सारे ‘प्रशासकीय खर्च’ या सदरात मोडते आणि ते सदर लहान दिसण्यातच संस्थेची प्रतिष्ठा असते.

ॲप नेहमी प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावे, कारण प्रयोग फसत नाही, त्यातून केवळ ‘शिकवण’ मिळते. युगांडात असे सुटे सुटे, एकमेकांशी न जुळणारे प्रयोग इतके साचले, की २०१२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाला नव्या ई-आरोग्य प्रकल्पांना स्थगिती द्यावी लागली. आपण मात्र खचू नये; जगात देश पुष्कळ आहेत.

आता आरोग्य कार्यकर्तीविषयी. ती घरोघरी जाऊन गरोदर मातांची आणि बालकांच्या लसीकरणाची नोंद वहीत करते, संध्याकाळी तीच नोंद ॲपमध्ये भरते, आणि महिनाअखेरीस एका देणगीदाराला एक्सेलच हवे असते म्हणून तिसऱ्यांदा तीच माहिती लिहून काढते. वही बंद करता येईल का, असे ती प्रशिक्षणात हमखास विचारते. नेटवर्क नसेल तेव्हा वहीच उपयोगी पडते, हे खरे उत्तर देऊ नये. तिच्या प्रश्नाची ‘क्षमतावृद्धीची गरज’ अशी नोंद करावी आणि आणखी एक प्रशिक्षण मंजूर करून घ्यावे. तिसऱ्या प्रशिक्षणानंतर ती विचारणे सोडते, आणि तिची स्वीकृती अहवालात आलेखाने दाखवता येते.

सुरक्षेबाबत एवढेच, की तिचा खर्च कोणाला दिसत नाही. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवर झालेला सायबर हल्ला जानेवारी २०२२ मध्ये उघड झाला. त्यात युद्ध, आपत्ती आणि स्थलांतरामुळे कुटुंबांपासून ताटातूट झालेल्यांसह ५,१५,००० हून अधिक असहाय माणसांची माहिती घुसखोरांच्या हाती लागली. ज्या त्रुटीतून ते आत शिरले, तिच्यावरची दुरुस्ती वेळेत बसवली नव्हती, असे समितीने स्वतःच जाहीर केले. अशा प्रामाणिकपणाने संस्थेवरचा विश्वास टिकतो म्हणतात. प्रमुखाच्या बढतीसाठी त्याची शिफारस करवत नाही. आपल्याकडे रुग्णांच्या एचआयव्ही तपासण्यांची यादी कोणाच्या तरी वैयक्तिक ईमेलमध्ये पडून असेल, तर ती शोधायला जाऊ नये. त्याऐवजी गोपनीयता धोरण चाळीस पानांचे करावे.

अनुदान संपण्यापूर्वी मोठ्या संस्थेत मोठ्या पदावर जावे. अर्जात ‘लाखो लाभार्थी’ असे लिहावे. एकच माता तीन ठिकाणी नोंदली गेली असेल तर तो आपल्या व्याप्तीचाच पुरावा. निरोपाच्या दिवशी मुख्य खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे असे कोणी विचारलेच, तर तो हस्तांतरण आराखड्यात नमूद केला असल्याचे खुशाल सांगावे. आराखडा त्याच खात्यात ठेवलेला असतो.