राडारोडा, दर प्रति घनमीटर

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आणि आजवर गटारे, समाजमंदिरे व अंगणवाडीच्या खोल्या बांधणाऱ्या अनेक होतकरू कंत्राटदारांना आपल्या रक्तात इतिहास असल्याचा साक्षात्कार झाला. आपण त्यांपैकी एक असाल, तर अभिनंदन. बारांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत आणि उरलेले आठ केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तेव्हा जीर्णोद्धाराच्या कंत्राटासाठी कोणत्या दाराशी बसायचे हे आधी ठरवून घ्यावे. गड पाहून येण्याची घाई नको. तो कुठे जात नाही.

पहिले काम अंदाजपत्रकाचे. (ते खात्याने करायचे असते हे मलाही ठाऊक आहे, पण शाखा अभियंत्याकडे चार तालुके असतात आणि आपल्याकडे संगणक असतो.) जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत असे म्हटले आहे की जिथे अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. ही सनद लिहिणाऱ्यांना आपली कार्यपद्धती माहीत नसावी, कारण आपल्याकडे अंदाजाचे पत्रक मंजूर झाल्याशिवाय जीर्णोद्धाराला हातच लावता येत नाही. जमिनीखाली काय आहे हे कोणालाही ठाऊक नसताना त्याची लांबी, रुंदी व खोली दोन दशांश स्थळांपर्यंत लिहून तांत्रिक मान्यता मिळवणे, ही या विद्येतली पहिली पायरी होय.

दुसरी पायरी शब्दांची. ‘उत्खनन’ हा शब्द अंदाजपत्रकात चुकूनही येऊ देऊ नये. उत्खनन म्हटले की परवाना आला, पुरातत्त्वज्ञ आला, आणि शेवटी अहवाल आला. शिवाय ते लोक फार सावकाश खोदतात. 1944 ते 1948 या काळात सर्वेक्षणाचे महासंचालक असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी चौकोनी खड्डे आखून, मध्ये मातीचे बांध राखून, एकेक थर ओळखत खाली उतरण्याची शिस्त लावून दिली. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी याच सावकाशीने हंगामामागून हंगाम खोदले, तेव्हा त्यांना घराच्या जमिनीखाली चार पायांच्या रांजणात पुरलेला माणूस सापडला. आता मला सांगा, दरसूचीत त्याला दर कोणता लावायचा? ‘मातीचा रांजण, चारपायी, माणसासह, नग एक’?

म्हणून आपण ‘राडारोडा उचलणे’ असे लिहावे. पडलेला वाडा, कोसळलेले छप्पर, त्याखालची जमीन आणि जमिनीखालची आणखी जुनी जमीन हे सारे त्या एका शब्दात मावते आणि त्याचा दर प्रति घनमीटर असतो. खोदकामाच्या नेहमीच्या आयटममध्ये 50 मीटर लीड (माल वाहून नेण्याचे अंतर) व 1.5 मीटर लिफ्ट (तो वर चढवण्याची उंची) धरलेली असते. गडावर तटापलीकडे 50 मीटरवर दरीच असल्याने निसर्गाने ही सोय शासनाच्या आधीच करून ठेवली आहे. लिफ्टचा तर प्रश्नच नाही, माल खालीच जायचा असतो.

घाटमाथ्यावरच्या एका गडावर मी हे काम जवळून पाहिले आहे. अभियंता टेप धरून ढिगाची लांबी-रुंदी घेत होता, मुकादम आकडे लिहून घेत होता, आणि घमेली वाहणाऱ्या बायकांपैकी एका वयस्कर बाईने खाली वाकून काहीतरी उचलले, पदराने पुसले आणि हात पुढे केला. तांब्याचा गोल तुकडा होता, काठाला झिजलेला, एका बाजूला ‘श्री’ आणि त्याखाली ‘राजा’ एवढे वाचता येणारा.

“साहेब, ह्याचं काय करायचं?”

अभियंता माणूस वाईट नव्हता. त्याने मोजमाप पुस्तक खरोखरच दोन पाने उलटून पाहिले. मग म्हणाला, “मावशी, ह्याला आयटम नाही.” ढिगाच्या मापातून त्याने नियमाप्रमाणे पोकळीची वजावट केली. खापरे, खिळे, कौलांचे तुकडे आणि ती शिवराई भरीव समजली गेली असावीत. पोकळ ठरते ते फक्त त्यांच्यामधली हवा.

कायद्याची चिंता वाटत असेल, तर 1878 चा निखात निधी अधिनियम वाचून घ्यावा. जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. खापराचे 10 रुपये कोण देतो? शिवाय काही सापडणे हे आपल्या हिताचे नसते. राड्याखाली पाण्याच्या टाक्याच्या पायऱ्या लागल्या की परिमाण बदलते, परिमाण बदलले की सुधारित मान्यता लागते, आणि ती येईपर्यंत निधी परत जातो. काहीही न सापडणे हेच उत्तम कामाचे लक्षण मानावे.

चुन्याविषयी थोडक्यात. चुना भिजवून मुरवावा लागतो, घाण्यात मळावा लागतो, त्यात गूळ-हिरड्याचे पाणी घालावे लागते, आणि दगडांमधल्या दरजा भरल्यावर तो आठवडेच्या आठवडे ओला ठेवावा लागतो. कार्यारंभ आदेश जानेवारीत निघतो आणि देयक मार्चअखेर लागते. या दोहोंच्या मध्ये चुना बसत नाही, सिमेंट मात्र बसते. ते ओल भिंतीत कोंडते आणि क्षार दगडावर फुलवते खरे, पण ते पावसाळ्यानंतर, आणि विटेची भुकटी मिसळली की फोटोत रंगही जुळतो.

निविदा बी-1 नमुन्याची असेल, तर प्रत्येक आयटमचा वेगळा दर भरायचा नसून सगळ्याला मिळून एकच टक्केवारी द्यायची असते. मनसोक्त कमी द्यावी. चुना घोटणारा गवंडी व स्टेनलेस स्टीलचे रेलिंग दोघांनाही ती सारखीच लागू होते, आणि रेलिंग काही रागावून गावी निघून जात नाही. तूट दगडात भरून काढावी. अंदाजपत्रकात ‘घडीव दगड, खाणीतून आणलेला, डोईवरून गडावर वाहतूक’ असे असते; प्रत्यक्षात तोच दगड, दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी उत्तम घडवलेला, आपल्याच राड्यात तयार पडलेला असतो. म्हणजे तो राडा म्हणून उचलल्याचे पैसे एकदा आणि दगड म्हणून आणल्याचे पुन्हा एकदा. एवढेच की गौण खनिजाचे स्वामित्वधन (म्हणजे रॉयल्टी) देयकातून कापले जाईल. ते मुकाट्याने कापू द्यावे, नाहीतर खाण दाखवावी लागते.

दोषदायित्वाचा, म्हणजे कामातले दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून देण्याचा, कालावधी संपायच्या आत भिंतीचा एखादा टवका सुटलाच, तर तेवढा लिंपून घ्यावा. कालावधी संपल्यावर भिंत सुटली, तर मात्र खाली पडलेल्या दगडमातीला हात लावू नये. पुढच्या अंदाजपत्रकात पहिला आयटम तोच येतो, आणि त्याचा दर आता आपल्याला तोंडपाठ आहे.