“एनव्हीएमई टाका, नेटवर्क विसरा” म्हणे!

मेहुण्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, “दाजी, मी करून पण टाकलं.” विचारून केलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

फॉरवर्डचं म्हणणं असं की घरचा स्टोरेज सर्व्हर स्लो वाटत असेल तर नेटवर्कला हात लावू नका, दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) टाका, राइट कॅश (आलेला डेटा आधी त्यांच्यावर झेलायची सोय) चालू करा, कॉपी दहापट फास्ट. खाली पाच मुद्दे.

दहापट कुठून आणणार? घरचं नेटवर्क गिगाबिट, म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हातात पडतात ११०-११५. आजची साधी ७२०० आरपीएमची हार्डडिस्क एकटी, सलग मोठी फाइल लिहिताना १५० च्या पुढे जाते. म्हणजे एका डिस्कलाच ती वायर पुरत नाही, आणि हे तिच्यापुढे तीन-साडेतीन हजारवाली एनव्हीएमई ठेवतायत. डेटा येणार त्याच नळीतून ना! त्या फॉरवर्डमधल्या ‘नंतर’च्या स्क्रीनशॉटमध्येसुद्धा ११३ च दिसतंय, कुणी नीट बघितलंच नाही.

पण खरी तिडीक गेली ती तिसऱ्या मुद्द्याने. “दोन्ही एनव्हीएमई रेड झिरोमध्ये लावा, कॅशला सेफ्टी लागत नाही, डेटा तर हार्डडिस्कवर असतोच.” नसतो! राइटबॅक कॅशचा अर्थच हा की कॉम्प्युटरला “झालं कॉपी” सांगून टाकलंय आणि डेटा अजून फक्त कॅशवर आहे, हार्डडिस्कवर सवडीने जाणार. मधल्या वेळात कॅश मेली की तो गेला. त्यात रेड झिरो म्हणजे डेटा दोन्हींवर तुकड्यातुकड्याने वाटलेला, दोनातली एक गेली तरी दोन्हीवरचं गेलं. आणि कॅशमध्ये नुसते कालचे फोटो नसतात, फाइलसिस्टिमचा हिशेबही तिथेच अडकलेला असतो, त्यामुळे कधीकधी आख्खा व्हॉल्यूमच उघडत नाही. माझ्यावर विश्वास नको, लिनक्समध्ये एलव्हीएमकॅशचं (कॅश लावायच्या सोयीचं) मॅन्युअल पेज उघडा (मेहुण्याकडे तेच आहे), तिथे सरळ लिहिलंय की राइटथ्रूमध्ये (कॅश आणि हार्डडिस्क दोन्हींवर लिहिलं की मगच “झालं”) कॅश डिस्क गेली तरी डेटा जात नाही, राइटबॅकमध्ये जाऊ शकतो.

वर मेहुण्याने घेतल्यात स्वस्तातल्या क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणाऱ्या एसएसडी). त्या जातीचं उदाहरण द्यायचं तर सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ, १ टीबीवाली, ती साटा (जुन्या, हळू जोडणीची) आहे पण दुखणं तेच: कंपनीच्याच स्पेसिफिकेशनप्रमाणे पहिले ४२ जीबी फास्ट, ते भरले की सेकंदाला ८० एमबी. हार्डडिस्कपेक्षा हळू कॅश, घ्या.

फॉरवर्डचा पुढचा मुद्दा, “झेडएफएस (एक फाइलसिस्टिम) असेल तर स्लॉग टाका, तोच राइट कॅश.” नाही. स्लॉग ही नोंदींची वेगळी डिस्क, फक्त सिंक राइटसाठी, म्हणजे डेटा पक्का लिहिला जाईपर्यंत थांबणाऱ्या राइटसाठी. विंडोजवरून शेअरवर साधी कॉपी बहुतेक वेळा असिंक असते, ती रॅममध्ये जमते आणि साधारण दर ५ सेकंदांनी डिस्कवर जाते, स्लॉगकडे ढुंकूनही बघत नाही.

“दोन गिगाबिट केबल बाँड केल्या (जोडून एक केल्या) की डबल.” एका कॉपीला नाही, ती एकाच केबलने जाते. एसएमबी मल्टिचॅनेल (विंडोज शेअरिंगची एक कॉपी अनेक केबलींवर वाटायची सोय) असेल तर गोष्ट वेगळी, पण ते बाँडिंग नव्हे.

“नेटवर्क अपग्रेड म्हणजे भिंतीतली सगळी वायर बदला.” २.५ गिगाबिट कॅट ५ई या साध्या नेटवर्क केबलवर १०० मीटर चालतं, पुढचा मुद्दा?

बरं, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. अनरेडसारख्या स्टोरेज सिस्टिममध्ये प्रत्येक राइटला आधी जुना डेटा आणि पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशेब) वाचायची, मग दोन्ही परत लिहायचं, त्यामुळे स्पीड गिगाबिटच्याही खाली येतो, तिथे कॅशने खरंच फरक पडतो. हजारो बारक्या फाइल्स किंवा व्हर्च्युअल मशीन असतील तरीही. ओळखायचं कसं, तर २०-३० जीबीची एकच फाइल टाका आणि ग्राफ बघा. ११० ला सपाट रेष असेल तर नेटवर्क अडतंय, रॅम भरेपर्यंत ११० आणि मग धापा टाकत ४०-५० तर डिस्क.

मेहुण्याची रेष सपाट होती. त्याच रात्री राइटथ्रूवर आणायला लावलं, डर्टी ब्लॉक्स (हार्डडिस्कवर अजून न गेलेला डेटा) शून्य होईपर्यंत फोनवर बसलो, मग कॅश काढली. आता दोन २.५ गिगाबिटची नेटवर्क कार्ड आणि छोटा स्विच येतोय. वायर २८० देईल आणि त्याच्या डिस्क २०० च्या आसपास अडतील, तेव्हा कॅशचं बोलू, तेही मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा).