कानबान कार्डं किती हवीत हे नुसत्या फॉर्म्युल्याने ठरत नाही
कानबान म्हणजे कारखान्यात कार्डांवर माल आवरायची पद्धत, डब्यामागे एक कार्ड, कार्ड मोकळं झालं की तेवढाच नवा माल बनवायचा. कार्डं किती हवीत यावरच्या एका लेखात म्हटलंय की मागणी गुणिले लीड टाइम (माल बनून यायला लागणारा वेळ), त्यात सेफ्टी (थोडा जादा राखीव माल), भागिले डब्याची क्षमता, झालं कानबान. तासाला ६० नग, अर्धा तास लीड टाइम, २० टक्के सेफ्टी, डब्यात १० नग, म्हणजे ३.६, म्हणून ४ कार्डं. सुरुवातीला हे ठीकच आहे पण यात लीड टाइम आधीच ठरलेला धरलाय आणि तिथेच गडबड होते, कारण कार्डं वाढवली की रांगा वाढतात आणि लीड टाइमही वाढतो.

साधं मॉडेल घ्या, एकामागोमाग ५ मशीन, प्रत्येकाला सरासरी १ मिनिट पण वेळ एक्स्पोनेन्शियल (म्हणजे खूप वरखाली होणारा, कधी अगदी कमी तर कधी बराच जास्त), आणि सगळ्या लाइनला मिळून ठराविक कार्डं, एका कार्डावर एक नग. मग मिनिटाला किती नग निघतात तर कार्डं भागिले (कार्डं अधिक ४). २० कार्डांना ०.८३, ४० कार्डांना ०.९१. आता लिटलचा नियम लावा (लाइनमधला माल भागिले आउटपुट म्हणजे एका नगाचा वेळ; १९६१ सालचा, अजून तितकाच कामाचा), तर एका नगाचा लाइनमधला वेळ २४ मिनिटांवरून थेट ४४ वर जातो! म्हणजे कार्डं दुप्पट करून आउटपुट फक्त ९ टक्के वाढलं आणि लाइनमध्ये माल मात्र दुप्पट साचला.

म्हणून मला मनापासून वाटतं की कार्डं वाढवायच्या आधी मशीनच्या वेळेतला चढउतार मोजा, सेटअप, ब्रेकडाउन, रिवर्क सगळं धरून, तो कमी झाला तर तेवढ्याच कार्डांत जास्त माल निघतो. लेखात व्हेरिएबिलिटीवर, म्हणजे या चढउतारावर, एक ओळ तरी हवी होती.